चिंगी आणि कडं

आमच्या मंडळात एक पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला ती सांगितली की तो आधी हसतो, आणि मग हसलो म्हणून ओशाळतो. ऑपरेशन होऊन कुणाच्या पोटावर स्टोमा आला, की बाराव्या दिवशी आम्ही त्याचं बारसं करतो.

स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून शिवलेलं असतं. दिसायला ओलं, लालचुटुक, रुपयाएवढं. त्याला हात लावला तर दुखत नाही, पण त्याच्यावर आपला ताबाही नसतो. जे यायचं ते तिथून येतं आणि त्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होतं. पिशवी भरली की रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. एवढंच. पण हे ‘एवढंच’ तोंडातून निघायला माणसाला वर्ष-दीड वर्ष लागतं. ते लवकर निघावं म्हणून बारसं. ज्याला आपण नाव ठेवलं त्याचा फार दिवस राग करता येत नाही, असं सुवार्ता सिस्टर म्हणायच्या. मिरजेच्या एका हॉस्पिटलात त्या फक्त स्टोमाच्या पेशंटांचं बघायच्या, आणि ही पद्धत त्यांनीच पाडली. माझ्या स्टोमाचं नाव चिंगी. आमच्यात एक बंडू होता, एक महाराणी होती, आणि एका निवृत्त हेडमास्तरांनी आपल्या स्टोमाला त्यांच्या शाळातपासनीसाचं नाव ठेवलं होतं, कारण दोघंही न सांगता यायचे.

बारशाला घुगऱ्या हव्यात, पण हरभरा आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या आतड्यात अडकून बसतो. म्हणून आम्ही तांदळाची मऊ खीर करतो. कानात नाव सांगायला आत्या लागते, ती बहुधा मी. सांगलीत आणि आसपासच्या गावांत मला अशी भरपूर भाचरं आहेत.

रेवती कोळेकरच्या घरी आम्ही असंच खिरीचं पातेलं आणि बाहुलीचा पाळणा घेऊन गेलो. रेवती सत्तावीस वर्षांची, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मालाची प्रतवारी बघायची. गुदाशयाचा कॅन्सर झाला, आधी किरणोपचार, मग ऑपरेशन. आम्ही ‘जो जो’ सुरू केलं तेव्हा ती आतल्या खोलीतून हळूहळू चालत आली, पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काकू, बारसं कशाचं करताय? मी हे ठेवणारच नाहीये. मी कडं बसवून घेणार आहे.”

 तिला आधी विचारायला हवं होतं, हे एवढ्या मोठ्या मंडळातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पद्धत म्हणजे पद्धत, असं धरून चाललो आणि तोंडावर आपटलो. पातेलं तसंच परत आलं, आणि चार दिवस आमच्या घरी खीरच होती.

आता कड्याविषयी सांगायला हवं.

आपल्या गुदद्वाराशी स्नायूंचं एक कडं असतं. जन्मभर ते राबतं आणि आपण त्याची चौकशीही करत नाही. नुसतं आवळून धरणं हे त्याचं खरं कौतुक नव्हे. दाराशी आलेला वारा आहे, पाणी आहे की आणखी काही, हे ते अंधारात ओळखतं आणि मगच दार किलकिलं करतं. इतकी पारख बँकेच्या रखवालदारालाही नसते. डॉक्टरांनी अशी कडी प्लास्टिकची करून पाहिली, चुंबकाची करून पाहिली. त्यांना आवळता आलं, ओळखता आलं नाही.

मग ही नवी युक्ती निघाली. रोग्याच्याच स्नायूतून आणि आतड्यातल्या मज्जापेशींतून थोडं बियाणं घ्यायचं आणि ते वनस्पतींच्या तंतूंच्या जाळीवर पेरायचं. जाळी कशाची, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. आम्ही जैन, प्राण्याची असती तर पंचाईत झाली असती. काचेच्या पेटीत ते कडं काही महिने वाढतं. तिथं त्याला रोज ताणतात आणि सैल सोडतात, तालमीतल्या पोरासारखं. त्यात स्नायूबरोबर मज्जातंतूही वाढतात, आणि सगळी किमया त्या तंतूंचीच. पूर्ण वाढलेलं कडं जागेवर बसवायचं, लहान आतड्याची घडी घालून त्याला वर एक साठवण करून द्यायची, पोटावरचं भोक बंद. पुढे सहा-आठ महिने शरीराला आणि कड्याला एकमेकांची भाषा शिकावी लागते. बहुतेकांना जमतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. महाराणीची मालकीण परत पोहायला लागली, हेडमास्तरांचा तपासनीस कायमचा सेवानिवृत्त झाला. विज्ञानाला हात जोडावेत असंच ते काम आहे, आणि मी जोडते.

फक्त एक झालं. ज्यांची कडी बसली ते मंडळात यायचे थांबले. मारुती रोडवर समोरून आले तर फळांच्या गाड्याकडे बघत पुढे जायचे. मला राग नाही. माणसाला दुखणं विसरायचं असतं, आणि माझा चेहरा म्हणजे त्यांच्या दुखण्याचा फोटो. पण मंडळ आटत गेलं. सुवार्ता सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. औषधाच्या दुकानात पिशव्यांचं एकच माप मिळायला लागलं, आणि ते माप बहुतेकांना बसत नव्हतं.

रेवतीला कडं बसणार नाही असं तिला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती सरळ माझ्याकडे आली. किरणांनी आतली जमीन जळली होती. नवे मज्जातंतू रुजायला तिथं काहीच उरलं नव्हतं. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिला नावाचं काही विचारलं नाही. भाकरी केली, पडवळाची भाजी वाढली. तिची पिशवी कडेने सुटत होती, ती कशी बसवायची ते माझ्यावरच करून दाखवलं. कातडी कोरडी करायची, भोक मापाचं कापायचं, हाताच्या उबेनं मिनिटभर दाबून धरायचं. जाताना ती म्हणाली की काकू, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच महिन्यात सरकारी प्रस्ताव आला. कडं आता आरोग्य योजनेतून फुकट बसतं, तेव्हा त्याच योजनेतून मिळणारी पिशवी ही तात्पुरती वस्तू ठरवावी आणि वर्षभरानंतर कुणालाच देऊ नये. ज्यांना कडं चालत नाही त्यांचा पुढे वेगळा विचार होईल. वेगळा विचार म्हणजे काय हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. योजनेनं खरेदी थांबवली की कंपन्या माल आणणं थांबवणार, आणि मग रेवतीसारख्या पोरींनी जुन्या काळच्या लोकांसारखं पोटाला फडकी बांधून घरात बसायचं. तिची नोकरी, तिचं बाहेर पडणं, सगळं त्या पिशवीवर उभं होतं. प्रस्तावावर सुनावणी होती, सांगलीतच, आणि मंडळाच्या वतीनं मी बोलायचं ठरलं.

आमच्या घरात मात्र वेगळंच चाललं होतं.

माझंही कडं तयार होतं. वर्षापूर्वी आमच्या ह्यांनी, अभिनंदन आरवाड्यांनी, लकडा लावून माझ्या पेशींचा नमुना द्यायला लावला होता. माझं वय बरोबर, आतली जागा निरोगी, डॉक्टर म्हणाले आदर्श केस. मी ‘बघू’ म्हणाले होते. ह्यांनी त्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा लावला आणि ऑपरेशनची तारीखही घेऊन टाकली. पेटीतलं कडं फार दिवस टिकत नाही, म्हणून घाई.

मी म्हटलं मला नको. ते म्हणाले, तुला नको कसं? फुकट आहे, यशस्वी आहे, लोक रांगा लावतायत. मी म्हटलं, माझं काही अडलेलं नाही. अशी ती वादावादी दोन-तीन दिवस जेवणाच्या टेबलावर फिरत राहिली. आमचे हे तसे शांत माणूस, आयुष्यभर लोकांचे टॅक्स भरून दिले पण आवाज चढवला नाही. शेवटी मीच चिडून विचारलं, तुम्हाला माझ्या पोटावर पिशवी बघवत नाही का?

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “तू मला म्हणाली होतीस, मेले तरी चालेल पण पिशवी नको. आणि मी सही केली.”

हे खरं होतं. त्याआधी आठ वर्षं मला आतड्याचा आजार होता. रक्त पडायचं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा धावायला लागायचं. सांगली ते पुणे रस्त्यावरचा प्रत्येक संडास मला कडीकोयंड्यासकट पाठ होता. लग्नाला गेले तर मांडव बघायच्या आधी मोरी बघायची. पुढे पुढे लग्नाला जाणंच सोडलं. डॉक्टर पिशवीचं म्हणायचे आणि मी ते वाक्य म्हणायची. मग एके दिवशी आतडं फुटलं, मी बेशुद्ध. ह्यांना सहीसाठी पाच मिनिटं दिली होती. शुद्धीवर आल्यावर मी पोट चाचपलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नव्हते.

“तुझ्या शब्दाबाहेर जाऊन केलं ते,” हे म्हणाले. “ते एकदा पुसून टाकायचंय, एवढंच माझं म्हणणं आहे.”

चौदा वर्षं हा माणूस हे मनात घेऊन माझ्याबरोबर हिंडत होता. बदामी, श्रवणबेळगोळ, पार कारगिलपर्यंत.  तोंडाशी आलेलं सगळं इतकं मोठं होतं की त्यातलं एकही वाक्य धड बाहेर पडेना, आणि तेवढ्यात ते उठून चपला घालून बाहेर गेलेसुद्धा.

सुनावणीच्या आधी चौगुले वकील घरी आले. ते आमच्या मंडळाचे जुने चिटणीस. त्यांचं कडं बसून तीन वर्षं झाली होती, आणि आपण कधी पिशवी लावत होतो हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं. आमचे कागद ते अजून बघून देत, पण नाव कुठे येऊ देत नसत. त्यांनी मला बजावलं की सुखाचं बोलायचं नाही. “समितीला दुःख लागतं, आरवाडेताई. वास येतो म्हणा, लाज वाटते म्हणा. तुम्हाला कडं चालतं हे तर बोलूच नका. रडता आलं तर उत्तमच.”

मी म्हटलं बघते. माझ्या ‘बघते’चा हल्ली काही भरवसा राहिलेला नव्हता.

हॉल भरलेला होता. अध्यक्ष म्हणून वैजयंती निंबाळकर मॅडम होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, सगळं वाचून आलेल्या. हे मागच्या रांगेत बसले होते, सवयीनं सोडायला आलेले. रेवती आधी बोलली. थोडंच बोलली, पण नीट. कडं का बसत नाही, पिशवी नसली तर नोकरी कशी जाईल. मॅडमनी मान हलवली. अशा रुग्णांसाठी अपवाद करता येईल, म्हणाल्या, पण असे रुग्ण मूठभर. मूठभरांसाठी कुठली कंपनी माल आणेल, असं माझ्या मनात आलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. “श्रीमती आरवाडे, तुम्ही तर पात्र आहात. तुमचं कडं तयार आहे असं इथं दिसतंय. मग तुम्ही या बाजूला कशा?”

चौगुले वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता तरी रडा.

मी चार वाक्यं पाठ करून गेले होते. वास, लाज, वगैरे. समोर उभी राहिले आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. ऑपरेशननंतर मी मंदिरात जायला कचरत होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, अगं पोटात सगळ्यांच्याच असतं, तुझं बाहेर दिसतं इतकंच. आणि मला हाताला धरून घेऊन गेल्या होत्या. सूर्यास्तापूर्वी जेवायचा आमच्या घरचा नेम माझ्या पिशवीला इतका मानवला, की रात्री ती गुपचूप पडून राहायची. याचं श्रेय सासूबाई मरेपर्यंत धर्माला देत होत्या आणि डॉक्टर स्वतःला. अशा बाईची सून होऊन मी इथं वास येतो म्हणून रडू?

“मॅडम, मी सुखात आहे,” मी म्हटलं. हॉलमध्ये कुणीतरी चुकचुकलं, बहुतेक वकीलच. “आजारानं मला घरात कोंडलं होतं. पिशवीनं बाहेर काढलं. मी पिशवी नको म्हणाले होते. मेले तरी चालेल म्हणाले होते. माझ्या नवऱ्यानं माझं ऐकलं नाही, सही केली, म्हणून मी आज इथं उभी राहून तुमच्याशी बोलतेय. त्या सहीबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. ज्याचे मानायला हवेत त्याचे मानायचे राहिले, कारण मला वाटायचं त्यांना कळलंच असेल.”

मी मागे वळून बघितलं नाही. धीर झाला नाही.

“तुम्ही सुखी असाल, तर सरकारनं मदत का करावी?” मॅडमनी विचारलं. खोचक नव्हतं ते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“पिशवी आहे म्हणून सुखी आहे, मॅडम. तुम्हाला नीट दिसतंय म्हणून तुमचा चष्मा काढून घेतला तर चालेल का? चष्मा घालवायचं ऑपरेशन निघून किती वर्षं झाली. तुम्ही का नाही केलं?”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. “मला भीती वाटते,” त्या म्हणाल्या.

“मला तर भीतीही वाटत नाही. मला गरज वाटत नाही. ज्याला कडं हवं त्याला मिळू दे, मी स्वतः त्याला दवाखान्यात नेऊन सोडीन. पण जिला ते बसत नाही तिनं आणि जिला ते नको तिनं आयुष्यभर स्वतःला आजारी म्हणवून घ्यायला नको. आम्ही आजारी नाही. आम्हाला पिशव्या लागतात.”

मी खाली बसले. रेवतीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि चौगुले वकील उठून उभे राहिले. मला वाटलं आता सारवासारव करणार. त्यांनी काळा कोट उगीचच सारखा केला आणि आपण स्वतः नऊ वर्षं पिशवी लावत होतो, असं सांगितलं. त्या नऊ वर्षांत तीन निवडणुकांचे खटले लढवले, मुलाचं लग्न केलं. आज कडं आहे, पण ते येईपर्यंत जगवलं पिशवीनं, असंही म्हणाले. एवढं बोलून ते बसले, आणि घाम पुसत राहिले. मागून आणखी दोघं-तिघं उभे राहिले. मारुती रोडवर फळांच्या गाड्याकडे बघणारे.

दिवाळीच्या आधी आदेश निघाला. पिशव्या सुरू राहणार, कडं बसत नसो किंवा नको असो, कारण विचारलं जाणार नाही. सुवार्ता सिस्टरांची रिकामी जागाही भरणार होती. रेवतीचा कामावरून फोन आला. मागे बेदाणा चाळण्याच्या यंत्राचा इतका गोंगाट होता की ती ओरडूनच बोलत होती. जतला एका बाईंचं नवं ऑपरेशन झालंय, त्यांना भेटायला ती रविवारी निघाली होती. पहिल्याच भेटीला खीर न्यायची का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आधी बाईंना विचार. तिच्या स्वतःच्या स्टोमाला तिनं अजून नाव ठेवलेलं नाही, आणि मी विषय काढत नाही.

सुनावणीविषयी मात्र आमच्या ह्यांनी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी गाडी चालवताना काही बोलले नाहीत, नंतरही नाही. नेहमीसारखे दूध आणायचे, पेपर वाचायचे. मीही विचारलं नाही. जे बोलायचं ते मी भर सभेत बोलून बसले होते, आता आणखी काय बोलणार?

आदेशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी बदलून, आंघोळ करून बाहेर आले तर फोन वाजत होता. ह्यांनी घेतला. हॉस्पिटलातली बाई होती, तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. दिलेली तारीख टळून गेली, कडं आता आणखी ठेवता येणार नाही, पेशंटला कधी आणताय?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. केस ओले, हातात टॉवेल, मी दारात उभी. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज अगदी साधा होता, लोकांना टॅक्सचं समजावताना असायचा तसा.

“नाही ताई, आणणार नाही,” ते म्हणाले. “इथं पेशंट कुणी नाही. ती बरी आहे.”

चौदा वर्षं मी हे त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं.